उजव्या डोळ्यावरची पट्टी

बंगळुरात थंडी पडली की भाजीच्या गाड्यांवर पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात. इथले लोक त्यांना अवरेकाई म्हणतात आणि मोसम संपेपर्यंत दुसरं काही म्हणून शिजवत नाहीत. आमच्या जे. पी. नगरच्या घरी शेंगा मीच आणतो आणि मीच सोलतो. निवृत्त झाल्यापासून हे खातं माझ्याकडे आलंय, कारण बायकोच्या मते माझ्या नजरेतून अळी सुटत नाही. "ह्यांचा अख्खा जन्म कारखान्यात मापं तपासण्यात गेलाय," ती आल्यागेल्याला सांगते. "केसाएवढी चूक असली तरी पकडायचे."

यात खोटं काही नाही. यशवंतपूरच्या बाजूला एका सरकारी कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. फक्त त्या कामात भिंगाला एकच डोळा लावावा लागतो, एवढं बायकोला कुणी सांगितलेलं नाही. मी तर नाहीच.

माझा उजवा डोळा लहानपणापासून बिनकामाचा आहे. बाहेरून बघाल तर अगदी धडधाकट. पण डावा झाकला की समोरच्या माणसाचं नाक कुठे आणि तोंड कुठे ते कळत नाही. निपाणीला शाळेत असताना आईच्या हे लक्षात आलं. ती म्हणाली, कुणाला बोलू नकोस, नोकरी लागायची नाही. नोकरी लागली. मग म्हणाली, लग्न ठरेपर्यंत गप्प राहा. लग्नही झालं. त्यानंतर सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आलोय. राहून बिहून काही गेलं नाही. लाज वाटली. पहिल्या वर्षी जे सांगितलं नाही ते विसाव्या वर्षी कुठल्या तोंडाने सांगणार? एका डोळ्याला अंतराचा नीट अंदाज येत नाही, म्हणून मी चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवूनच ओततो. बायकोला वाटतं, टापटीप माणूस आहे.

गेल्या थंडीच्या आधी नातीच्या शाळेत डोळे तपासायला लोक आले. नात यूकेजीत आहे. पोरगी पुस्तक वाचते, चित्रं काढते, आजीच्या डब्यातला लाडू लांबून ओळखते. कुणाला काही शंका येण्याचं कारणच नव्हतं. तिथल्या बाईंनी तिचा उजवा डोळा झाकला आणि तक्त्यावरचं चित्र विचारलं, तर ती म्हणाली, "तक्ता कुठाय?"

मुलगा दौऱ्यावर होता, त्यामुळे डॉक्टरांकडे सूनबाई, बायको आणि मी असे तिघे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी घाई न करता समजावलं. डोळ्याला रोग नाही, म्हणाल्या. दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक आहे. उजव्या डोळ्याचं चित्र स्वच्छ येतं, डाव्याचं धूसर. मग मेंदू धूसर चित्र बाजूला टाकतो आणि त्या डोळ्याचं शिकणंच थांबतं. याला आळशी डोळा म्हणतात. आता चष्मा लावायचा, आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून कच्च्या डोळ्याला कामाला जुंपायचं. हिचं वय लहान आहे, आत्ता नेटाने केलं तर पुष्कळ सुधारेल. जसजसं वय वाढतं तसतसं हाती लागणं कमी होत जातं.

मी ऐकत होतो. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझा डोळा मला समजावून सांगत होतं.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का असं? तिरळेपणा, किंवा एका डोळ्याला कमी दिसणं?"

सूनबाईने पुण्याला आईला फोन लावून विचारलं. तिच्याकडे कुणाला नव्हतं. बायकोने विचारही केला नाही. "आमच्या घराण्यात नाही हो असलं काही. ह्यांची नजर तर विचारू नका."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. शेजारी नात खुर्चीवर पाय हलवत बसली होती आणि मी मान हलवली.

घरी येताना गाडीतच सुरू झालं. "मोबाईल दाखवून घास भरवायचा, मग दुसरं काय होणार," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. सूनबाई चाक धरून होती. ती म्हणाली, "आई, डॉक्टर क्लिअरली म्हणाल्या ना, मोबाईलचा संबंध नाही म्हणून." त्यावर बायको म्हणाली, "त्या काय तोंडावर थोडंच बोलणार." मी मागे नातीशेजारी बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर तिथेच विषय मिटला असता. मी नातीला बाहेरची गाय दाखवली.

सूनबाई ऑफिसात दहाजणांना धारेवर धरणारी बाई आहे. त्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहायची आणि भांडी उगाच पुन्हा धुवायची. आपला फोन तिने कपाटावर, हात पोचणार नाही इतका वर ठेवायला सुरुवात केली. एकदा मला म्हणाली, "बाबा, मीच केलं असेन का हो हे? ती जेवायचीच नाही, म्हणून लावून द्यायचे." मी म्हणालो, "छे, तसं काही नसतं." ती म्हणाली, "मग कशाने झालं?" मी म्हणालो, "असतं एकेकाच्या नशिबात." हे उत्तर तपासणी खात्यातून बाहेर पडलेल्या माणसाचं. हाताखालच्या कुणी मला असलं उत्तर दिलं असतं तर मी त्याला दारात उभा केला नसता.

मग मी वाचायला बसलो. मला एखादी गोष्ट कळली नाही की मी वाचतो, ही जुनी खोड. जगभर लोकांनी यावर मान मोडून काम केलंय. किती मुलांना हा डोळा असतो याचे आकडे ठिकठिकाणी वेगळे, कारण कशाला आळशी म्हणायचं याचं मापच प्रत्येकाने वेगळं धरलेलं. हे वाचून मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. पूर्वी म्हणे दिवसभर पट्टी ठेवायचे, मग कळलं की पुष्कळ मुलांना थोडे तासही पुरतात. काहींचं तर नुसत्या चष्म्यानेच सुधारतं. पट्टी नको असेल तर चांगल्या डोळ्यात थेंब टाकून तोच थोडा धूसर करतात. हे सगळं मी जेवताना सांगायचो. बायको म्हणायची, "बघ, नातीसाठी किती अभ्यास चाललाय." मग एका दुपारी कारणं सांगणारं पान आलं. डोळ्यांच्या नंबरातला फरक, तिरळेपणा, जन्मतः मोतीबिंदू, आणि त्याच ओळीत घराण्याचा उल्लेख. वाडवडिलांत कुणाला असेल तर मुलांचे डोळे फार लवकर तपासून घ्या, असं लिहिलं होतं. बायको चहा घेऊन आत आली आणि मी लॅपटॉप मिटला. ते पान मी जेवताना सांगितलं नाही.

मी वेळेवर तोंड उघडलं असतं तर ही पोरगी तिसऱ्या वर्षीच चष्मा लावून बसली असती. हे माझ्या लक्षात तेव्हाच आलं. मी चहा प्यालो.

खरी लढाई पट्टीची होती. शाळेतून आल्यावर तिच्या उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी लावायची आणि वर चष्मा. पहिल्या दिवशी तिने घर डोक्यावर घेतलं. शेजारच्या अक्का धावत आल्या, "एनायतु, काय झालं पोरीला?" म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने पट्टी ओढून काढली, तिसऱ्या दिवशी लपवून ठेवली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की या वयात वाया गेलेला महिना परत मिळत नाही. सूनबाई रडकुंडीला आली. तेव्हा मी म्हणालो, "आण इकडे एक. मी पण लावतो. आपण दोघं लावू."

नात रडायची थांबली. म्हणाली, "खरंच? कुठल्या डोळ्यावर?"

"तुझ्यासारखीच. उजव्या."

देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मी काही योजलं नव्हतं. तिची उजवीकडे, म्हणून माझी उजवीकडे, इतकं ते सरळ होतं. पण पट्टी चिकटवली आणि मला कळलं की मला काहीच फरक पडलेला नाही. डोळा झाकल्याने गालाला थोडी खाज सुटली, एवढंच. तिचा चांगला डोळा बंद होता आणि माझा नुसताच शोभेचा.

घरात मी देव झालो. मुलगा दौऱ्याहून आला आणि त्याने आमच्या दोघांचा पट्टीवाला फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला. निपाणीपासून नागपूरपर्यंत सगळ्यांनी हात जोडले. आजोबा असावे तर असे, असं कुणीतरी लिहिलं. सूनबाई मला म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे जमतंय हो." मी म्हणालो, "त्यात काय." रोज मला हार घालत होते आणि मी मान पुढे करून घालून घेत होतो.

त्या दोन तासांत बारीक काम करावं असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, म्हणून मी शेंगांची पिशवी बाल्कनीत घ्यायचो. खाली वर्तमानपत्र, मध्ये ढीग, दोघांसमोर दोन वाट्या. शेंग फोडायची, दाणे वाटीत, अळी दिसली तर बाजूला. तिची बोटं शेंगेची कड शोधत फिरायची. दाणे वाटीबाहेर पडायचे. ती नाक शेंगेला लावून बसायची आणि तरी टरफल वाटीत आणि दाणा कचऱ्यात जायचा. माझी वाटी भरभर भरायची. माझा हात सवयीने चालतो, त्याला मी काय करू, असं मी मनाला सांगायचो. थोडं सावकाश सोललं असतं तरी चाललं असतं. पण तेवढंही सुचलं नाही.

"आबा, तुम्हाला पट्टी लावून कसं दिसतं?"

"सवयीने. तू पण कर, येईल."

एकदा तिच्या वाटीतल्या दाण्यांत अळी निघाली. बायकोने उसळीला दाणे धुताना ती पाहिली आणि सहज म्हणाली, "बघ गं, आबांच्या वाटीत एक तरी निघते का?" तिचं बोलणं तसं प्रेमाचंच. त्या दिवशी नात उसळ जेवली नाही.

पुढच्या तपासणीला आम्ही तेच तिघे गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिचा डावा डोळा तपासला आणि चेहरा फार खुलला नाही. थोडं सुधारलंय, म्हणाल्या, पण मला वाटलं होतं तेवढं नाही. पट्टी पूर्ण वेळ राहते का? की कडेने बघते?

बायकोने ताबडतोब माझी कीर्ती सांगितली. आजोबाही रोज बरोबरीने लावतात, दोघं मिळून शेंगा सोलतात. डॉक्टरीणबाई हसल्या. नातीला म्हणाल्या, "अरे वा. मग जिंकतं कोण?"

"आबाच," नात म्हणाली. "रोज आबाच. त्यांना पट्टी लावून पण सगळं दिसतं. मला नाही दिसत." आणि मग सूनबाईकडे न बघता, पायांकडे बघून, "मी ढ आहे. म्हणून मी कडेने बघते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही कुठल्या डोळ्यावर लावता, सर?"

"उजव्या."

"आणि डाव्याने व्यवस्थित दिसतं?"

"हो."

"उजव्याने?"

"दिसतं की," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, तपासून देऊ का, बसा ना, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, आज नको, उशीर झालाय. उशीर कसला, मला कुठे जायचं होतं? त्यांनी आग्रह केला नाही. नातीला खडूंची पेटी दिली आणि म्हणाल्या की तू ढ नाहीस, तुझा डोळा शिकतोय. पण पाच वर्षांचं पोर डॉक्टरवर विश्वास ठेवेल की रोज डोळ्यांदेखत जिंकणाऱ्या आजोबावर?

घरी आल्यावर तिने पट्टीचं पाकीट उचललं आणि बाल्कनीतून खाली टाकलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही. शांतपणे टाकलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. सूनबाई खाली जाऊन पाकीट घेऊन आली. जिन्यात तिला रडू आलं असावं, कारण वर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "तिने आता सोडलं तर, बाबा?" एवढंच म्हणाली. बायकोचं आतून चालूच होतं, त्या मोबाईलने पोरीची एकाग्रताच गेलीय म्हणून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी लाज वाचवायला मी रोज त्या पोरीला हरवत होतो. तिचा डोळा गेला असता तर तो आता नशिबाने गेला नसता, माझ्यामुळे गेला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेंगा आणल्या. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं. नातीला हाक मारली तर म्हणाली, येणार नाही. मी म्हणालो, "स्वल्प, जरा ये तर. आज मी खेळ बदललाय." ती दारात येऊन उभी राहिली. मी पट्टी सोलली आणि डाव्या डोळ्यावर लावली.

"आबा, चुकीचा डोळा," ती म्हणाली.

"नाही. आज बरोबर आहे."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं असावं. मला ते दिसत नव्हतं. समोर एक गुलाबी डाग होता, तो तिचा फ्रॉक. खाली काहीतरी हिरवट पसरलेलं, त्या शेंगा. इतक्या वर्षांत मी हा डोळा एकटा कधी वापरला नव्हता, घाबरत होतो. मी हात पुढे केला तो वाटीवर आपटला आणि वाटी घरंगळत गेली. ती हसली. मग पुढे आली, वाटी उचलून माझ्यासमोर ठेवली आणि स्वतःहून आपली पट्टी मागितली.

मी शेंग फोडायला लागलो. नख लागेना. दाणे कुठे गेले कळेना. वाटीच्या काठाला बोट लावून मी एकेक दाणा आत सोडत होतो, आणि तरी काही बाहेरच पडत होते. ती माझ्याकडे झुकून बघत होती, हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं.

"आबा, अळी."

"कुठे?"

"तुमच्या वाटीत. हिरवी. ही बघा, हलतेय." तिने बोटाने दाखवलं. मला बोटही नीट दिसलं नाही. "तुम्हाला दिसत नाहीये?"

"नाही गं."

"मला दिसतेय," ती म्हणाली. तिच्या कच्च्या डोळ्याला ती दिसत होती. तिने अळी चिमटीत धरून बाजूला ठेवली आणि मोठ्याने ओरडली, "आई, आजी, आबांच्या वाटीत अळी निघाली."

दोघी आल्या. मी पट्टी काढली नाही. काढली असती तर त्यांचे चेहरे दिसले असते आणि मग मला बोलता आलं नसतं. बायको म्हणाली, "अहो, हे काय, डावीकडे काय लावलंय?" मी म्हणालो, "माझा उजवा डोळा असाच आहे. लहानपणापासून. तिचा डावा, माझा उजवा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तिचं माझ्याकडूनच आलं का ते डॉक्टर सांगतील, पण मोबाईलने आलेलं नाही. सूनबाईला पुन्हा तसं बोलू नकोस."

बायको खुर्चीत बसल्याचं मला आवाजावरून कळलं. "एवढी वर्षं?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तरीच चहा ओतताना."

सूनबाई उभीच होती. तिने विचारलं, "म्हणजे त्या दिवशी गाडीत तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"हो."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग कपाटावरून काहीतरी खाली घेतल्याचा. तिचा फोन होता तो. डॉक्टरांकडे दोघांची वेळ घेताना तिचा आवाज मला बाल्कनीत ऐकू येत होता, आजोबा आणि नात, असं ती स्पष्ट सांगत होती. माझ्याशी ती त्यानंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

नातीला यातलं किती कळलं, मला माहीत नाही. ती शेंगा सोलत होती. तिची वाटी माझ्यापुढे गेली होती आणि ती दर थोड्या वेळाने उचलून मला दाखवत होती, मला दिसत नाही हे माहीत असून. सगळं आवरून झाल्यावर तिने माझ्या डाव्या डोळ्यावरची पट्टी आपल्या हाताने, दुखू नये म्हणून हळू हळू सोडवली. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "उद्या पण हाच डोळा हं, आबा. फसवायचं नाही."

"सरी," मी म्हणालो. "कबूल."